बिदरची नर्स आणि पालमच्या म्हशी

शांतम्माच्या दारावर थाप पडली की घरातल्यांना थापेवरूनच कळायचं, काय अडलंय ते. म्हशीवाले दार बडवायचे. गायवाले जरा दमानं कडी वाजवायचे. शेळीवाले तर दाराशी थांबतही नसत, "अक्का, अवो अक्का" करत थेट चुलीपर्यंत यायचे. जनावर अडलं की शांतम्मा, हे साऱ्या पालममध्ये ठरूनच गेलं होतं. आणि दर वेळी शांतम्मा ओरडायची, "मी काय ढोराची डॉक्टर हाय का? माणसाची नर्स हाय मी, माणसाची!" ओरडता ओरडता बांगड्या काढून कोनाड्यात ठेवायची, साबणाची वडी उचलायची, पदर खोचायची आणि म्हशीवाल्याच्याही पुढं चालायला लागायची.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती बिदरला नर्सिंग शिकलेली, परीक्षा पास झालेली बाई. लग्नाआधी भालकीकडच्या एका दवाखान्यात तिनं नोकरी केली होती. पांढरं पातळ, छातीला टाचलेलं घड्याळ, आणि तोंड असं की बाळंतिणीचा नवरा व्हरांड्यात विडी पेटवायलाही घाबरायचा. किती लेकरं तिच्या हातावर जन्मली याचा हिशेब तिनं ठेवला नाही. तिकडं तिला सगळे सिस्टर म्हणत. पालमला आल्यावर ती पहिल्यांदा शिवरुद्राची बायको झाली, मग अक्का झाली आणि शेवटी म्हशीची डॉक्टरीण झाली. या तिसऱ्या पदवीचा तिला एवढा राग होता की तो शब्द कानावर आला की ती दुकानातल्या गिऱ्हाइकालाही गूळ द्यायची नाही.

लग्न झालं ते विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. आदल्या पावसाळ्यात मराठवाड्यात दलितांची घरं जळाली होती आणि माणसं अजून दबक्या आवाजात बोलत होती. शिवरुद्राचं पालमला किराणा दुकान. माणूस शांत, कमी बोलणारा, तोलून देताना काटा जरा गिऱ्हाइकाकडंच झुकवणारा. शांतम्माला तो पसंत पडला. नोकरी काय, इथंही मिळेल, असं तिला वाटलं. लेकरं काय कर्नाटकातच जन्मतात का?

खरं तर तिच्या आजीच्या काळात भालकी आणि पालम एकाच निजामाच्या राज्यात होती. आजी सोयरिकीला इकडं येऊन जायची, तेव्हा आपण परमुलखात चाललोय असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढं राज्यं नव्यानं पडली आणि सरहद्द मधून गेली. घरं होती तिथंच राहिली, लग्नंही पहिल्यासारखीच होत राहिली. शांतम्माची परीक्षा तेवढी पलीकडं राहून गेली.

ते तिला परभणीच्या एका कचेरीत कळलं. तिथं पोचायलाच चार खेपा झाल्या, कारण कधी बंद असायचा, कधी मोर्चा, कधी साहेब दौऱ्यावर. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं बसायला खुर्ची दिली, चहा पाजला. मग कागद उलटेसुलटे करून म्हणाला, "बाई, शाळेचा दाखला कानडीत आहे."

"वाचून दाखवते की," शांतम्मा म्हणाली आणि उभी राहून तिनं अख्खा दाखला खणखणीत आवाजात वाचला. साहेब कीर्तनाला बसल्यासारखा मान डोलवत ऐकत राहिला.

"छान. पण तुम्ही वाचलंत तेच यात लिहिलंय, हे मी कशावरून धरू?"

ते एक झालं. दुसरं म्हणजे नर्सिंगची नोंद परराज्यातली. आणि तिसरं, इथली रहिवासी असल्याचा दाखला हवा, तो बरीच वर्षं इथं राहिल्याशिवाय मिळत नाही, आणि तितकी वर्षं राहिलं की नोकरीचं वय निघून जातं. साहेबानं हे इतक्या हळुवारपणे समजावलं की शांतम्माला त्याच्यावर धड रागवताही येईना.

"म्हंजे मी जन्मायच्या आदीच पालमला ऱ्हायला याला पायजे होतं," ती म्हणाली.

"तसंच काहीसं," साहेब म्हणाला आणि तिला आणखी एक चहा मागवला.

सरकारनं नाही म्हटलं तर नाही. गावात काय, बायका अडतातच की. शांतम्मानं नोकरीचा नाद सोडला आणि एकच गोष्ट मनाशी धरली: पालमचं एक तरी लेकरू आपल्या हातावर जन्मलं पाहिजे. पैसे नकोत, मान नको. हात रिकामे बसलेत, हे तिला सोसत नव्हतं. जात्यावर बसली तरी ते हात काहीतरी धरायला शोधत असल्यासारखे चुळबुळायचे.

पण पालमच्या बायका काही कमी नव्हत्या. आधी त्या म्हणाल्या, हिच्या सोत्ताच्या घरात पाळणा हलला न्हाई, ही दुसऱ्याचा काय हलवनार. मग शांतम्माला दोन मुलगे झाले. तर म्हणाल्या, सोत्ताच्या बाळंतपणाला तू माहेरीच गेलीस की, भालकीला. मग आमच्या सुना त्यांच्या त्यांच्या माहेरी गेल्या तर तुजं काय बिघडलं? हे मात्र बिनतोड होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज तिनंही पाळला होता. म्हणजे गावातल्या सुना बाळंतपणाला बाहेर जायच्या, आणि गावात यायच्या त्या लेकी. लेकींना त्यांच्या आया होत्या, आयांना कडूबाई होती. कडूबाई गावची जुनी सुईण. डोळ्यांनी अधू झाली होती, पण निम्म्या गावाची नाळ तिनंच कापलेली. दवाखान्यात जायचं ते मरायला, अशी तेव्हा समजूत, आणि शांतम्मा म्हणजे चालताबोलता दवाखाना. नखं काप, हात धू, खोलीतून बाहेर हो, चुलीची राख लावू नको! कोण ऐकून घेणार तिचं?

अशात दगडाबाईची म्हैस अडली.

दगडाबाई तीन घरं सोडून राहायची. खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर, एकुलता एक मुलगा भुजंग, आणि दगडाबाईचा आवाज असा की तिनं परसात म्हशीला हाक मारली की वेशीतली माणसं मागं वळून बघायची. त्या दिवशी मात्र तो आवाज रडवेला झाला होता. जनावरांचा डॉक्टर रजेवर, म्हैस सकाळपासून कण्हतेय, आणि गडी नुसते शेपटी धरून उभे. शांतम्माला ते घरात बसून ऐकवेना. ती गेली, सगळ्यांना बाजूला केलं, कोपरापर्यंत साबण लावला आणि हात घातला. रेडकाचा एक पाय मागं दुमडलेला होता. तिनं तो सरळ केला, म्हैस जोर करेपर्यंत थांबली, आणि थोड्या वेळानं एक काळंभोर रेडकू दगडाबाईच्या पायाशी पडलं. दगडाबाईनं शांतम्माच्या हातांचा मुका घेतला, हात पुसायलाही सवड दिली नाही.

झालं. त्या दिवसापासून शांतम्माचं नशीब फिरलं, ते भलतीकडंच. गंगाखेडच्या बाजूनं बैलगाड्या यायला लागल्या. मोबदला ठरलेला: ज्याची म्हैस सुटली त्याच्या घरचा चीक. शांतम्माच्या घरी एवढा खरवस व्हायला लागला की तिची पोरं ताट बघून पळायची, आणि शिवरुद्र दुकानातच चणेफुटाणे खाऊन भूक नाही म्हणायचा.

एकदा दगडाबाईच्याच गोठ्यात हात धुता धुता शांतम्मानं विचारलं, "आत्या, माजा हात तुमच्या म्हशीला चालतो. सुनंला का चालत न्हाई?"

दगडाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की जणू पोरीनं फारच बाळबोध सवाल केला. "म्हशीला माहेर हाय का, बाई?" ती म्हणाली आणि धार काढायला बसली.

शांतम्मानं ती गोष्ट घरी येऊन शिवरुद्राला सांगितली, तर तो पोटभर हसला. तीही हसली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दगडाबाईची सून सत्यशीला. बोरीची पोर, पण आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं वाढवून लग्न लावून दिलेली. ती पोटुशी राहिली तेव्हा दगडाबाईनं गावभर साखर वाटली. सातवा लागला तसा बोरीला निरोप धाडला की लेकीला न्यायला या. मामीचा उलटा निरोप आला: घराचं बांधकाम काढलंय, पाहुणेरावळे फार, औंदा जमायचं न्हाई. पुन्हा निरोप धाडला, तर त्याचं उत्तरच आलं नाही. दगडाबाई चार दिवस कुणाशी बोलली नाही. पहिलं बाळंतपण सासरी लाभत नाही, असं त्यांच्या घरात पिढ्यांपासून मानत. सुनेला ठेवावं तर भीती, पाठवावं तर कुठं?

खरवसाचं भांडं घेऊन सत्यशीला शांतम्माकडं आली ती भर दुपारी. भांडं ठेवलं आणि तिथंच खांबाला टेकून उभी राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "म्हशीला माहेर नसतंय म्हनून तुमचा हात चालतोय म्हन. मला बी माहेर न्हाई की."

शांतम्मा हसायला गेली आणि हसू अर्ध्यातच राहिलं. पोरगी थट्टा करत नव्हती.

"मला माहेरी न्या, अक्का. तीनच तर घरं हायत."

शांतम्मानं तिला खाली बसवलं, पाणी दिलं आणि तशीच उठून दगडाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. म्हणाली, "तुमच्या सुनंला मी माहेरी न्यायला आलेय."

दगडाबाईचं तोंड उघडं राहिलं. मग तिनं सवालांची सरबत्ती लावली. तुमी लिंगायत, आमी मराठे, ते कसं? शांतम्मा म्हणाली, पोरगी जेवंल, न्हाईल, झोपंल, त्यात काय मराठं न् काय लिंगायत. आमच्या बाळंतिणीला सुकं मटन लागतंय! ते तुमच्या चुलीवर करा, माझ्या ओट्याखाली आनून द्या, मी बगत न्हाई. कडूबाईचं काय? तिला बी बोलवा, पाठ धरायला जुनं मानूस पायजेच. दगडाबाईला मनातून हायसं वाटत होतं, पण ते कबूल केलं तर ती दगडाबाई कसली. शेवटी तिनं हुकमाचं पान काढलं.

"माहेर म्हनलं की मुऱ्हाळी याला पायजे न्याला. लुगडं पायजे, वटी पायजे. आन् वेस वलांडल्याबिगर काय माहेर असतंय का? तीन दारं चालून गेली तर लोक तोंडात शेण घालतील माज्या."

"वलांडू की वेस," शांतम्मा म्हणाली.

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला न्यायला माहेराहून येणारा माणूस. ते काम शिवरुद्रावर आलं. त्यानं जन्मात तराजू सोडून दुसरं काही धरलं नव्हतं. उसनी बैलगाडी आणली, डोक्याला फेटा बांधला, आणि तीन घरं चालून दगडाबाईच्या दारात पाहुणा म्हणून उभा राहिला. दगडाबाईनं रिवाजानं त्याला पाय धुवायला पाणी दिलं आणि "वाटंत तरास तर न्हाई झाला?" असं विचारलं. शिवरुद्र म्हणाला, न्हाई.

सून गाडीत बसली तशी दगडाबाईनं पदर डोळ्याला लावला. बायका जमल्याच होत्या.

"कुटं निगालीस गं सत्यशीला?"

"माहेरी."

"कंच्या गावाला?"

"पालमला," सत्यशीला म्हणाली आणि फिदीफिदी हसत सुटली.

गाडी वेशीबाहेर गेली. तिथून गावाला वळसा घालून मागच्या वाटेनं आत यायचं ठरलं होतं, पण ते बैलांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नेहमीची शेताची वाट धरली, आणि शिवरुद्र ओढ्यापर्यंत जाऊन, एका गुराख्याच्या हातापाया पडून बैल वळवून आला. शांतम्मा दारात भाकरतुकडा घेऊन ताटकळत होती. तीन घरांच्या माहेराला पोचायला लेकीला अख्खी दुपार लागली. तिनं तुकडा ओवाळून टाकला आणि पोरीला आत घेतलं.

मग मात्र शांतम्माला भीती वाटायला लागली. एवढी वर्षं तिनं हट्ट धरला होता, आणि आता तो पुरा व्हायची वेळ आली होती. काही वाईट झालं तर? गावात तोंड दाखवता येणार नाही हे तर झालंच, पण ही आईबापावेगळी पोर, हिचं काय? एका संध्याकाळी दिवा लावताना ती शिवरुद्राला म्हणाली, "अवो, माजे हात म्हशीचे झालेत. माणसाचं लेकरू केवढं असतंय तेच इसरायलेय मी."

"मग मी जीप सांगून ठेवतो," शिवरुद्र म्हणाला. आणि खरंच गावातल्या आबासाहेबांना सांगून आला, की अडचण आली तर गंगाखेडच्या दवाखान्याला जीप हवी. शांतम्माला त्यानं दुसरा काही धीर दिला नाही, पण तेवढ्यानंच तिला झोप लागली.

सत्यशीलाच्या पोटात कळ आली ती सकाळी. कडूबाई आली, आल्या आल्या शांतम्मानं तिचे हात साबणानं घासले, आणि ती म्हातारी "अगं सालटं काढतीस का?" म्हणत गुमान धुऊन घेत राहिली. सासरच्या माणसानं बोलावल्याशिवाय सुनेच्या माहेरी यायचं नाही, म्हणून दगडाबाई आपल्या ओट्यावर अडकून पडली. रिवाज तिनंच घातलेला, मोडणार कसा? ती तिथूनच विचारायची, मधल्या घरांतल्या बायका तो सवाल पुढं ढकलायच्या, आणि जाता जाता त्यात आपापला सल्ला मिसळायच्या. तूप पाजा. दार उघडं ठेवा. कुलूप काढा. शांतम्मानं सगळ्यांना एकदाच बाहेर येऊन कानडीत असं काही सुनावलं की गल्ली चिडीचूप झाली. कुणाला एक शब्द कळला नाही, पण सगळ्यांना समजलं.

आत कडूबाईनं पाठ धरली होती. "ये गं बाई, ये," करत ती पोरीला बोलण्यात गुंतवत होती. शांतम्मा समोर बसली होती. मग डोकं दिसलं. मानेभोवती नाळेचा एक वेढा होता. तिनं तो बोटानं अलगद सोडवला, आणि पुढच्या कळेला लेकरू तिच्या ओंजळीत आलं. लहानसं, गरम, निसटायला बघणारं. मुलगी होती. ती रडायच्या आधी शांतम्माच रडली, आणि कडूबाईला नीट दिसत नसल्यानं ती घाबरून विचारत राहिली, "कोन रडायलंय? लेकरू का तू?"

मग लेकरूही रडलं. गल्लीच्या त्या टोकाला दगडाबाई उठून उभी राहिली, आणि आता मात्र तिनं मधल्या बायकांची वाट बघितली नाही.

"विहीणबाई! दोगी बऱ्या हायत का?"

पालममध्ये शांतम्माला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. ती हात तसेच धरून दारात आली आणि म्हणाली, "बऱ्या हायत."

बाराव्या दिवशी बारसं झालं. भुजंगानं पेढे वाटले, दगडाबाईनं वरमायेचा सगळा तोरा मिरवून घेतला, शिवरुद्राकडून जावयाला टोपी-टॉवेल वसूल केला, आणि येईल त्या बाईला ऐकवलं, "आमच्या विहीणबाईचा हात म्हंजे हात हाय बरं." कडूबाई म्हणाली, मला आता दिसत न्हाई, पुढच्या तूच बघ, मी पाठ धरायला येत जाईन. पाळणा हलत होता तेवढ्यातच दोन सासवा शांतम्माला बाजूला घेऊन आपापल्या सुनांचे महिने सांगून गेल्या. बिदरला परीक्षेत पास झाली तेव्हा झाला नव्हता इतका आनंद तिला झाला. तिनं शिवरुद्राला सांगितलं, आजपासून माज्यासमोर खरवसाचं नाव काढायचं न्हाई.

सव्वा महिना भरला आणि दगडाबाईचा निरोप आला: सुनेला धाडा. दवाखान्यात बाळंतीण गेली की शांतम्मा खाटेवरची चादर बदलायची आणि दुसरीला हाक मारायची. हेही तसंच होईल असं तिला वाटलं होतं. तिनं बाळंतविडा केला, बाळाला कुंची शिवली, पोरीची ओटी भरली. ओटीचे तांदूळ घालता घालता तिचा हात थांबला तो थांबलाच. सत्यशीलानंच तिचे डोळे पुसले. शिवरुद्र गाडी घेऊन गेला, वेशीबाहेरून, आता बैलांनाही वाट पाठ झाली होती.

तो परत आला तरी शांतम्मा दारातच उभी होती.

"तीनच घरं हायत की," शिवरुद्र म्हणाला. "सांजच्याला जाऊन ये."

"लेकीच्या सासरी बोलावल्याबिगर जात न्हाईत," शांतम्मा म्हणाली.

आजवर ती त्या घरी केव्हाही, साबणाची वडी घेऊन गोठ्याच्या फाटकानं शिरत होती. आता ते दार व्याह्याचं झालं. दिवेलागणीच्या सुमाराला तिकडं बाळ रडायला लागलं. रडणं भुकेचं नाही, झोपेचं आहे, हे तिला इथून ओळखू आलं. खांद्यावर घेऊन पाठ थोपटली की गप्प होईल. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. भालकीला आपली आई इतकी वर्षं अशीच उंबऱ्याशी येऊन थांबत असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिला घर खायला उठलं.

तेवढ्यात दगडाबाई नातीला घेऊन बाहेर ओट्यावर आली. तिनं इकडं एकदा बघितलं. बोलावणं करायची अजून रीत नव्हती, तेव्हा ते काही तिनं केलं नाही. तिनं पोरीला खांद्यावर घेतलं, तिचं तोंड शांतम्माच्या घराकडं येईल अशी वळून बसली, आणि अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली.